लाल, जांभळा, तांबडा

श्रीरामपूर
४ ऑगस्ट २०२५

महेंद्र,

जयभीम. तुझं पार्सल आज अकरा वाजता मिळालं. पोस्टमनने सही घेतली, मी उघडलं, तर आत चौदा रेझिस्टर. प्रत्येक वेगळ्या कागदाच्या पुडीत, आणि पुडीवर पेन्सिलीने आकडा. पत्र नाही. पार्सल उलटं करून झटकलं, तरी नाही. ‘अक्का’ एवढी दोन अक्षरं लिहून तुझी पेन्सिल झिजली असती का?

तरी आभार. मनापासून आणि आजच्या आज, कारण आमच्या होस्टेलात नियम होता की वस्तू मिळाली त्याच दिवशी आभाराची चिठ्ठी गेली पाहिजे. नाही गेली तर सिस्टर रविवारचं गोड बंद करायच्या. मला आता मधुमेह आहे, गोड तसंही बंद आहे, पण सवय राहिली.

पुड्यांवर आकडे का, ते मला कळलं. रेझिस्टरच्या अंगावर रंगाचे पट्टे असतात, त्यावरून किंमत वाचायची असते, आणि तुला लाल, हिरवा, ब्राऊन यांतला फरक कधीच दिसला नाही. घरात हे फक्त मला माहीत होतं. म्हणून सुट्टीत मी आले की आपली वाटणी ठरलेली असायची. रंग मी वाचायचे, जोडायचा तू. आता तू प्रत्येक मीटरने मोजून पुडीत घातला असणार. चौदा. माझ्यासाठी. त्याबद्दल वेगळे आभार.

रेडिओचं असं झालं, की घराला रंग द्यायला काढला म्हणून माळा रिकामा केला, आणि नानांचा रेडिओ खाली आला. रंगाऱ्याने विचारलं, भंगारात द्यायचाय का. त्याला मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. नेवासा रोडला कल्याणचं दुकान आहे, लग्नांच्या साउंड सिस्टीम दुरुस्त करतो. माझा विद्यार्थी, इंग्रजीत पस्तीस मार्क, त्यातले चार मी दयेने दिलेले. तो म्हणाला, “मॅडम, आतलं सगळं काढून ब्लूटूथ बसवून देतो. खोकं भारी दिसंल.” मी त्याला विचारलं, तुझे आजोबा अजून आहेत ना, त्यांच्यातही बसवून घे मग. त्यानंतर तो नीट वागतो आहे. कंडेन्सर सगळे त्याने बदलले. रेझिस्टरपाशी अडला, आणि मी पूजाला फोन केला, की तुझ्या बाबांना ही यादी वाचून दाखव. तू म्हणे हो-नाही काहीच बोलला नाहीस.

अकरा वर्षं तू तेच करतो आहेस. पूजाच्या लग्नात, व्याह्यांच्या पंगतीत, मी एक गंमत सांगितली. आमच्या महेंद्रने नानांच्या रेडिओत चुकीचा पार्ट बसवला, आणि पार्टाबरोबर रेडिओचा आवाजही बसवला. सगळे हसले. तू ताटावरून उठलास, तो उठलासच. ही गंमत मी त्याआधी पन्नास वेळा सांगितली असेल, आणि एका विनोदापायी माणसाने सख्ख्या बहिणीशी अकरा वर्षं बोलू नये, हे मला अजूनही अति वाटतं.

पूजाला मी सांगितलं, मला रेडिओ दुरुस्त करायचाय. ते खरं आहे. पण रेडिओ बोलला आणि तू नाही बोललास, तर तो माळ्यावरच बरा होता. हे तिला सांगितलेलं नाही. तुला सांगते आहे.

भारती

श्रीरामपूर
२२ ऑगस्ट २०२५

महेंद्र,

दुसरं पार्सल मिळालं, मागोमाग तिसरंही. या वेळी पुड्यांवर आकड्याच्या खाली एकेक ओळसुद्धा आहे. आभार. राजूरच्या दुकानात तू गिऱ्हाइकांशीही असाच पुड्यांवरून बोलतोस का?

दुसऱ्यातल्या सगळ्यात वरच्या पुडीवर लिहिलंस, ‘आधी मोज. चांगल्याला हात लावू नको.’ म्हणजे मी जे अंगावरचे रंग वाचून यादी केली, ती फुकट. बरं. मीटर आणला, कल्याणने एक पाय सोडवून मोजायचा कसा ते दाखवलं, आणि दोन दिवस मी टेबलाशी चष्म्यावर चष्मा लावून बसले. ज्याच्या अंगावर दोन लाख वीस हजार लिहिलंय, तो तीन लाख नव्वद हजार दाखवतो. सत्तेचाळीस हजारवाला एकाहत्तरवर गेलाय. कमी झालेला एकही नाही. मी कल्याणला विचारलं, हे असं का. तो म्हणाला, “वय झालं की रेझिस्टन्स वाढतोच, मॅडम. सगळ्यांचाच.” हे म्हणताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही, एवढी अक्कल त्याला आहे.

मोजल्यावर मला एक प्रश्न पडला, तो मी पूजाला सांगितलेल्या नव्या यादीत घातला. जो आज तीन नव्वद झालाय, त्याच्या जागी नवा तीन नव्वदचाच घालावा का? इतकी वर्षं झाली, रेडिओला त्याची सवय झाली असेल. त्याचं तुझं उत्तर तिसऱ्या पार्सलात पुडीवर आलं, ‘लिहिलेला घाल. सवय कसली.’

कल्याणकडे बिस्किटाच्या डब्यात जुने, न वापरलेले रेझिस्टर आहेत, अगदी आपल्या रेडिओतल्यासारखे, चॉकलेटच्या गोळ्यांसारखे जाडजूड. मला तेच हवे होते. नवे म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढे, निळसर, रेडिओत अगदी परके दिसतात. त्यावर तू लिहिलंस, ‘डब्यात पडून बी वाढत्यात. नवाच घे. दिसायचं काय, आत हाय.’ मी मोजून बघितले. डब्यातले सहा, कधी न वापरलेले, आणि सहाच्या सहा वाढलेले. तुझं बरोबर निघालं याचा मला जरा रागच आला.

बाकीच्या ओळीही मी क्रमाने पाळल्या. ‘अर्ध्या वॉटच्या जागी एक घाल, तापतं.’ घातला. ‘अडीच लाखाचा आता मिळत न्हाई, दोन चाळीस घाल, चालतं.’ चालवला. वीस टक्क्यांच्या आत जे टिकलेत ते सात तसेच ठेवले. त्या सातांबद्दल मला फार आदर वाटतो.

तू एवढं मला अकरा वर्षांत बोलला नव्हतास. पुड्या मी फेकलेल्या नाहीत.

आता एकच राहिला. आवाजाचा जो मोठा व्हॉल्व्ह आहे, त्याच्या पायाशी एक रेझिस्टर बाकीच्यांपेक्षा नवा दिसतो. त्याचा सोल्डरिंगचा डाग गोल आणि चकचकीत आहे, सोळा वर्षांच्या पोराने दिलेला वाटत नाही. मीटरवर बरोबर सत्तावीसशे. हाच तो, तू मे अठ्ठ्याहत्तरमध्ये बसवलेला, नाही का? त्याच्या जागी किती हवा ते कळव. पुडीवर कळवलंस तरी चालेल.

भारती

श्रीरामपूर
१३ सप्टेंबर २०२५

महेंद्र,

तीन आठवडे झाले. बाकी सगळ्यांची उत्तरं आली, या एकाचं नाही. पूजा म्हणते, बाबांनी ते पत्र वाचलं, घडी करून खिशात घातलं, आणि पंपाची मोटर उघडायला घेतली.

न आलेल्या वस्तूचे आभार कसे मानायचे हे सिस्टरांनी शिकवलं नव्हतं.

काल कल्याणने वायरीत दिवा जोडून, जपून, पहिल्यांदा रेडिओ लावला. धूर नाही, वास नाही. मिनिटभराने व्हॉल्व्ह उजळले आणि तो बोलला. पण लांबून, घोगरा, घशात काहीतरी अडकल्यासारखा. त्या मे महिन्यात तू बसवलास तेव्हा अगदी असाच बोलत होता. म्हणजे तेवीस नवे रेझिस्टर घालून आपण पुन्हा १९७८ सालात आलो आहोत.

आकडा सांगायला तुला काय होतंय?

भारती

श्रीरामपूर
२१ सप्टेंबर २०२५

महेंद्र,

उत्तर मिळालं. तुझ्या हातूनच, पण आत्ता पाठवलेलं नव्हे.

रेडिओच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून कंपनीचा सर्किटचा नकाशा चिकटवलेला आहे. वाळवी आणि ओल दोन्हींनी खाल्लेला, म्हणून आतापर्यंत आम्ही त्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. काल कल्याणने टॉर्च मारून त्या व्हॉल्व्हचा आकडा शोधला. दोनशे सत्तर. अर्धा आकडा कागदाच्या सुटलेल्या कोपऱ्यावर होता, तो नीट बघायला त्याने कोपरा उचलला, आणि मागून घडी केलेला एक कागद पडला. होस्टेलच्या वहीचा. निळी शाई. माझं अक्षर, मराठीतही सिस्टरांनी शिकवल्यासारखं उजवीकडे कललेलं.

‘व्हॉल्व्हखालचा: लाल, जांभळा, तांबडा. अर्धा वॉट. नीट बघून घे. अक्का.’

मी आधी काय केलं ते सांगते, लपवून उपयोग नाही. मी तो कागद कल्याणच्या तोंडासमोर नाचवला. बघ म्हटलं, मी बरोबर लिहून दिलं होतं. लाल म्हणजे दोन, जांभळा म्हणजे सात, तांबडा म्हणजे पुढे एक शून्य. दोनशे सत्तर. आणि आमच्या शहाण्याने काय आणलं.

कल्याणने कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, “मॅडम, तांबडा अन् लाल एकच की.”

मी म्हटलं, अजिबात नाही. तांबडा म्हणजे तांब्यासारखा, ब्राऊन. तो म्हणाला, ब्राऊनला आमी चॉकलेटी म्हनतो. मी त्याला सांगितलं की तुझं मराठीही तुझ्या इंग्रजीसारखंच आहे. त्याने कागद माझ्यापुढे ठेवला. वाद घातला नाही, ते मला आवडलं नाही.

तेवढ्यात फाटकाशी मालनबाई भाजी घेऊन आली. मी तिला विचारलं, यातलं तांबडं काय आहे? तिने न बघता टोमॅटो उचलला. मग लाल काय, म्हटलं. “त्येच की, बाई.” मी माझी पर्स पुढे केली, ही कसली? “ही व्हय? ही चाकलेटी.” मग माझ्या तोंडाकडे बघून तिने विचारलं, बरं वाटंना का.

महेंद्र, मी सातव्या वर्षापासून होस्टेलात. रंग शिकले ते इंग्रजीत, आणि सुट्टीत घरी आले की मराठी मनाने जुळवून घ्यायचे. तांब्यावरून तांबडा, असं कधीतरी जुळवलं असणार. कोणी तपासलं नाही. कॉन्व्हेंटच्या पोरीचं मराठी कोण तपासणार? साखर कारखान्याच्या कॉलनीत वजनकाट्यावरच्या क्लार्कची एकच पोरगी तशी शिकत होती, आणि नाना ते सगळ्यांना सांगत फिरत. मी मात्र छत्तीस वर्षं शाळेत इतरांच्या चुकांखाली लाल रेघा मारल्या. तांबड्या म्हण.

तर तू ती चिठ्ठी घेऊन नगरला गेलास. फुटलेल्या जुन्या रेझिस्टरचे तुकडे, मी रंग वाचून घेतल्यावर, माईने केरात काढले होते, आणि असते तरी तुला रंग दिसले नसते. तुझ्याजवळ फक्त माझे शब्द होते. एकच रंग अक्काने दोन नावांनी का लिहिलाय, हे तुला तेव्हाच खटकलं असेल. पण अक्काने लिहिलंय म्हटल्यावर बरोबरच असणार. दुकानदाराने लाल, जांभळा, लाल काढून दिला. सत्तावीसशे. दहा पट. तू तो इतका सुंदर डाग देऊन बसवलास, आणि रेडिओ घोगरा झाला.

नानांनी तुझं सोल्डरिंग आयर्न मागच्या विहिरीत टाकलं. आयटीआयच्या रेडिओ-टीव्हीच्या फॉर्मवर त्यांची सही हवी होती, ती केली नाही. हातातला रेडिओ बिघडवणाऱ्याला कसला रेडिओचा कोर्स, म्हणाले. महिन्याभरात तू राजूरला मामांच्या पंपाच्या दुकानात गेलास आणि तिथलाच झालास. हे सगळं मला माहीत होतं. माझ्या गमतीत मी हे कधी सांगितलं नाही, कारण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

अजून एक आहे. ते रात्रीपासून डोक्यातून जात नाही. नाना ओरडत होते तेव्हा मी दारात उभी होते. तू एकदा माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, हा मला मध्ये पडायला सांगतोय. आणि मी म्हटलं, “मी लिहून दिलं होतं, नाना. नीट बघून घे, असंही लिहिलं होतं.”

चिठ्ठी त्या वेळी तुझ्या खिशात असणार. ती नुसती बाहेर काढायची होती. नानांना तांबडा म्हणजे काय हे ठाऊक होतं, त्यांनी एका नजरेत ओळखलं असतं. माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष राहिलं होतं, आणि पोरीला एवढं शिकवून काय उपयोग, हे कॉलनीत चारचौघे म्हणतच होते. तू चिठ्ठी काढली नाहीस. फाडलीही नाहीस. रेडिओत ठेवलीस.

इंग्रजीत सॉरी मी दिवसातून दहा वेळा म्हणते, रिक्षावाल्यालाही. मराठीत तो शब्द मला जड जातो, हे तर आता सिद्धच झालं. तेव्हा साधं लिहिते. चूक माझी होती. मी ती तुझी म्हणून सत्तेचाळीस वर्षं सांगितली, आणि तू सांगू दिलीस. मला शेवटचं वर्ष पुरं करता आलं, नोकरी लागली, पेन्शन आहे, या घराला आज रंग लागतोय. त्या सगळ्याचे आभार तुला आहेत. हे मला त्याच दिवशी लिहायला हवं होतं.

उत्तर नको. यावर उत्तर मागायचा मला हक्क नाही.

अक्का

श्रीरामपूर
१७ नोव्हेंबर २०२५

महेंद्र,

काल राहुरीला पूजाच्या धाकटीच्या नामकरणाला तू आलास. चौथ्या रांगेत, खांबाला टेकून बसलास. मला बघून मान हलवलीस, ती हो म्हणून की डास होता म्हणून, ते मला कळलं नाही. तरी त्याचे आभार.

तू मध्येच उठून गेलास, म्हणून पुढचं लिहिते. पूजाने मोबाईलवर घेतलंय, पण तू ते बघणार नाहीस, आणि बघितलंस तरी आवाज नीट आलेला नाही.

वंदना झाली, नाव ठेवून झालं, पेढे वाटले. मग पूजाचे सासरे भिमाजीराव माईकवर म्हणाले, “आत्याबाई, ती रेडिओची गंमत सांगा की. आमच्या नव्या पाव्हन्यांनी ऐकलेली न्हाई.” अकरा वर्षं त्या माणसाने ती लक्षात ठेवली होती. इतकी चांगली सांगितली होती मी. मी माईककडे निघाले, आणि तू उठलास. तुझी पाठ दारातून बाहेर जाताना मला दिसली. तुला थांब म्हणावं असं वाटलं, पण माईकवरून कसं म्हणणार?

मी सांगितलं. सुरुवात तीच ठेवली, आमच्या नानांचा रेडिओ होता वगैरे, म्हणजे लोक हसायच्या तयारीत बसले. मग चिठ्ठी काढून वाचली आणि विचारलं, तांबडा म्हणजे कोणता रंग? सगळी बायकांची बाजू ओरडली, लाल. मी म्हटलं, बरोबर. हे या हॉलमधल्या लहान पोरांनाही येतं. मला येत नव्हतं. मी चुकीचं लिहून दिलं, माझ्या भावाने लिहिल्याप्रमाणे आणलं, आणि गेल्या खेपेला याच व्याह्यांसमोर मी त्याचं हसं केलं. रेडिओचा आवाज मी बसवला होता. त्याचं शिक्षण त्यात गेलं.

कोणी हसलं नाही. भिमाजीराव म्हणाले, “म्हंजी चूक तुमची, अन् मार त्यांना?”

मी म्हटलं, मारलं नाही. सोल्डरिंग विहिरीत टाकलं.

ते म्हणाले, “त्ये मारन्याहून वाईट झालं.”

नंतर ते स्वतः तुला बोलवायला बाहेर गेले. तू जनरेटरवाल्याशी बोलत होतास म्हणे, आणि मग कोणाच्या तरी जीपमधून संगमनेरपर्यंत निघूनही गेलास. जेवला नाहीस. ताटावरून उठणं वेगळं आणि ताटावर बसलाच नाहीस हे वेगळं, पण त्याला कारण मीच, म्हणून बोलत नाही.

दोनशे सत्तरचा मी स्वतः निवडून आणला आहे. कल्याण पांढरा, सिमेंटचा, पाच वॉटचा देत होता, अंगठ्याएवढा. मी म्हटलं, एवढा कशाला, दोन वॉट भरपूर आहे, तापला तरी त्याला हवा लागायला जागा राहील. तो म्हणाला, मॅडम, तुम्हाला आता कळतंय. मीटरने मोजला, दोनशे एकाहत्तर. टेबलावर वाटीत ठेवलाय. बसवलेला नाही. तो माझ्या हाताने बसायचा नाही आणि कल्याणच्याही नाही.

अक्का

श्रीरामपूर
२७ नोव्हेंबर २०२५

महेंद्र,

काल दुपारी सव्वातीनला तू फोन केलास. मी नंबर ओळखला नाही, कर्ज हवंय का विचारणारी मुलगी असेल म्हणून जरा तोंड सोडूनच हॅलो म्हटलं. तू म्हणालास, “व्हय, मीच हाय. बोल आता.”

मग तूच बोललास. तेवीस मिनिटं, मोबाईलने मोजली. त्यातली पहिली वीस तू मला झापत होतास. त्याबद्दल हे आभाराचं पत्र आहे. कालच लिहायला हवं होतं.

भरल्या हॉलात सांगायची काय गरज होती, हे तू तीनदा म्हणालास. मी म्हटलं, भरल्या हॉलातच आधी सांगितलं होतं. ते तुला पटलं नाही, बरं. नानांबद्दल तू काही बोलला नाहीस, मीही विचारलं नाही. आयटीआयचं मी काढलं तर तू म्हणालास, त्यो राग कवाच गेला, दुकान चाललं, पोरं शिकली. मग मी विचारलं, राग कसला होता मग? मागे कोणीतरी मोटर सुरू करून बघत होतं, तिला तू बंद करायला सांगितलंस.

जे बोललास ते मी फोन ठेवल्याबरोबर वहीत उतरवलं, कारण माझ्या स्मरणावर आता माझा विश्वास नाही.

“चुकीचा राग न्हवता, अक्का. चूक कुनाची बी हुती. चिठ्ठी मी मुद्दाम तिथं ठिवली हुती. म्हनलं, अक्का हुशार हाय, ती कवातरी उघडून बघंल. मी काय बिघडवलं त्ये तरी बघंल. तू गावभर सांगितलंस, पन बघितलं न्हाईस. चार स्क्रू हायेत त्या पुठ्ठ्याला. चार.”

फोन चालू असतानाच मी टेबलावरच्या पुठ्ठ्याला स्क्रूची भोकं किती ते मोजलं, चारच आहेत.

त्यानंतर मी म्हटलं, येशील का, वाटीत ठेवलेला तेवढा बसवायला. तू हो म्हणाला नाहीस, नाही म्हणाला नाहीस. बोलण्यासारखं काही उरलं नाही असं वाटलं, आणि तू आता ठेवणार म्हणून मी फोन कानाला घट्ट धरून बसले. मग तू विचारलंस, “तिकडं पाऊस हाय का? हिकडं अवकाळी चाललाय दोन दिस.” मी म्हटलं, हो, इथेही आहे, भुरभुर चालूच आहे. मग तू विचारलंस घर गळतं का, मी म्हटलं थोडं. तू विचारलंस कुठल्या बाजूने, मी म्हटलं पश्चिमेच्या. अशी तीन मिनिटं मिळाली.

आणि शेवटी तू म्हणालास, ओल्या हवेत रेडिओ उघडा ठेवू नकोस, पुठ्ठा लावून टाक, पाऊस थांबला की सांग, मग मी येतो.

महेंद्र, इथे पाऊस नाही. कालही नव्हता, परवाही नव्हता. घर गळत नाही. मी गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या आहेत आणि त्या दुपारपर्यंत कडकडीत होतात. हे मला फोनवर सांगता येईना, म्हणून लिहिते आहे. हे पत्र राजूरला पोचायला तीन दिवस लागतील. ते मिळालं की लगेच निघ.

अक्का